धावायला आणि पोहायला गाण्यांचा एकच छोटा प्लेयर चालेल का?

प्रश्न: रोज पहाटे धावणं, आठवड्यातून दोनदा पोहणं. फोन सोबत नको. अ‍ॅपलचा छोटा प्लेयर, आयपॉड शफल, तर २०१७ लाच बंद झाला. आता काय घ्यावं?

उत्तर १: पोहायचं असेल तर ब्लूटूथ विसरा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच विरतात. गाणी हेडफोनच्याच मेमरीत साठवणारा, आयपीएक्स८ दर्जाचा (म्हणजे पाण्यात बुडूनही टिकणारा) प्लेयर घ्या. आयपीएक्स७ म्हणजे स्थिर पाण्यात १ मीटर, ३० मिनिटं. हात मारताना बसणारा दाब त्यात धरलेला नसतो.

उत्तर २: फक्त धावायला क्लिपवाला, खऱ्या बटणांचा प्लेयर बरा. घामट बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. ३२० केबीपीएसचं (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ मिनिटाला साधारण २.४ एमबी खातं, म्हणजे ८ जीबीत पन्नासेक तास. पुरे की!

उत्तर ३: स्वस्त प्लेयर ६४ जीबीचं मेमरी कार्ड बहुधा वाचत नाहीत, कारण ते एक्सफॅट नावाच्या फाइली साठवण्याच्या पद्धतीत येतं. ते जुन्या फॅट३२ पद्धतीत फॉरमॅट करा. गाण्यांचा क्रम बिघडला तर नावाआधी ०१, ०२ घालून त्याच क्रमाने पुन्हा कॉपी करा.

उत्तर १: आणि पोहून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, चार्जिंगचे पिन कोरडे झाल्यावरच केबल लावा. ओल्या पिनांवर क्लोरीन आणि करंट एकत्र आले की गंज चढतो.