मदत हवी आहे : वर्डप्रेस ४.९ वरून थेट नव्या आवृत्तीवर जावं का?

नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयाची साइट अजून वर्डप्रेस (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) ४.९ वर आहे, सर्व्हरवर पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ५.६. आता होस्टिंगवाले पीएचपी बदला म्हणून मागे लागलेत. वर्डप्रेस ६.३ पासून पीएचपी ५ चालतच नाही, त्यामुळे आधी ६.२ वर जायचं, मग पीएचपी ७.४ करायचं आणि शेवटी नवी आवृत्ती टाकायची, असा विचार आहे. हा क्रम बरोबर आहे का? की ७.४ वर न थांबता सरळ ८ वर जावं? थीम जुनी आहे, बनवणारा कधीच गायब झालाय.

खरी धास्ती डेटाबेसची आहे. टेबलं लॅटिन१ या जुन्या कॅरेक्टर सेटमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) आहेत, ज्यात मराठी अक्षरं नाहीत. साइटवर मराठी नीट दिसतं, पण बॅकअप घेऊन लॅपटॉपवर चढवला की पुस्तकांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! असला बॅकअप काय कामाचा? टेबलं यूटीएफ८एमबी४ (सगळ्या लिपी चालणारा कॅरेक्टर सेट) मध्ये नेताना रकाने आधी ब्लॉब (अक्षरं न मानता नुसते बाइट साठवणारा प्रकार) करून घ्यायचे असतात असं ऐकलंय. कुणी प्रत्यक्ष केलंय का? बॅकअप घेताना कॅरेक्टर सेट कोणता द्यायचा?

वर्डप्रेस ५.० पासून आलेला ब्लॉक एडिटर (मजकूर वेगवेगळ्या तुकड्यांत लिहायची नवी पद्धत) आमच्या ग्रंथपाल काकूंना झेपणार नाही, तिथे जुनी पद्धत परत आणणारं क्लासिक एडिटर प्लगइन टाकेन. तेवढं जमेल.