स्पष्ट नकार मिळूनही मन का सुटत नाही?

कोवळं_ऊन: धाकट्या भावासाठी विचारतेय. त्याच्या टीममधल्या मुलीने त्याला शांतपणे, नीट 'नाही' सांगितलं. तरी दिवसभर तिचं व्हॉट्सअ‍ॅप उघडून बघत असतो. नंबर उडव म्हटलं की कामाचं कारण सांगतो. डोक्यात नेमकं काय चालतं, आणि कशाने फरक पडतो?

आडवाट: प्रेम किती आहे यापेक्षा आशा किती उरली आहे ते बघा. मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी 1979 मध्ये एखाद्याच्या अशा अनावर ओढीला 'लिमरन्स' म्हटलं. आशा आणि अनिश्चितता एकत्र असतील तोवर ही ओढ टिकते, असं त्यांचं निरीक्षण. साधारण मुदत त्यांनी दीड ते तीन वर्षं सांगितली, त्यामुळे महिन्याभरात विसरेल असं धरून चालू नका.

नकारानंतर आशा येते कुठून? अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसातून. फर्स्टर आणि स्किनर यांचे कबुतरांवरचे प्रयोग (1957) इथे अगदी लागू पडतात. चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकर थांबतं. दाण्याचा नेमच नसेल, तर कितीतरी वेळ चोच मारत राहतं. तिने स्टेटस पाहिलं, मीटिंगमध्ये हसून बोलली, हे भावाचे दाणे. ती सगळ्यांशीच तशी वागत असेल, पण अर्थ लावणारा तो आहे.

पिंपळपान: मग दाणेच बंद करा. नंबर उडवायची गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत स्वतःचं 'लास्ट सीन' आणि 'ऑनलाइन' लपवलं की दुसऱ्यांचंही दिसत नाही. 'रीड रिसीट्स' बंद केल्या की निळ्या टिका जातात आणि आपलं स्टेटस कोणी पाहिलं तेही कळत नाही. तिचं स्टेटस म्यूट, चॅट अर्काइव्ह. कामाचं बोलणं फक्त टीमच्या ग्रुपवर किंवा मेलवर.

पहिले काही दिवस तलफ उलट वाढू शकते. बक्षीस थांबल्यावर असं पुष्कळदा होतं. अनेक जण नेमके इथेच 'उपाय लागू पडत नाही' म्हणून सेटिंग परत फिरवतात, आणि त्याने सवय आणखी चिवट होते.

मेघना_प: 'तिचा विचार करू नकोस' हे मात्र सांगू नका. वेग्नर यांच्या 1987 च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलेल्यांच्या डोक्यात नंतर अस्वलच जास्त आलं.

लांगेस्लाग आणि सांचेझ यांनी 2018 मध्ये प्रेमभंग झालेल्या 24 जणांवर तीन उपाय तपासले, त्यातले दोन इथे कामाचे. त्या व्यक्तीच्या खटकणाऱ्या बाजू आठवल्याने प्रेमभावना कमी झाली, पण मूड बिघडला. लक्ष दुसरीकडे वळवल्याने मूड सुधारला, प्रेम तेवढंच राहिलं. म्हणून दोन्ही जोडून वापरावेत, असं मला वाटतं: आधी दहा मिनिटं लेखन, लगेच चालणं किंवा मित्राला फोन. झोपायच्या आधी नको. लिहायचं ते तिला नावं ठेवणारं नसावं. 'आमचं कुठे जुळलं नसतं' एवढंच, ठोस उदाहरणांसकट.

कोवळं_ऊन: तिने एकदा पुन्हा ठाम सांगितलं तर सुटेल का? मी बोलू तिच्याशी?

आडवाट: अजिबात नको. तिने सांगून झालंय. बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांच्या 1993 च्या अभ्यासात नाकारणारेही अपराधी भावनेने बेजार झालेले दिसले. कसं वागावं हेच त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते मवाळ बोलत, आणि समोरचा त्यातून आशा काढत असे. तुम्ही बोलायला गेलात तर तिच्यावर तोच ताण येईल आणि भावाला नवा दाणा मिळेल.

झोप, जेवण, काम बिघडलं असेल किंवा जगण्याबद्दल निराश बोलत असेल, तर सेटिंगवर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.