पिग्मी नाकतोड्यांना फोटोवरून प्रजातीचं नाव द्यावं का?

कातळकोरा:
पावसाळ्यात ओढ्याकाठच्या शेवाळलेल्या दगडांवरचे टेट्रिजिडी कुळातले चिमुकले नाकतोडे निरीक्षणांच्या संकेतस्थळांवर धडाधड येतात. तासाभरात कुणीतरी खाली 'हेडोटेटिक्स ग्रॅसिलिस' असं प्रजातीचं नाव लिहून मोकळं होतं, दुसरा 'सहमत' म्हणतो आणि नोंद पक्की. माझं मत: नमुना भिंगाखाली नसेल तर कुळावर थांबा.

कारण सांगतो. या कुळाची ओळख म्हणजे प्रोनोटम, छातीची पाठीवरची ढाल, जी मागे पोटावर पसरलेली असते. तिची लांबी बघून लोक नाव देतात. पण एकाच प्रजातीत लांब ढाल आणि लांब मागचे पंख असलेले उडणारे, आणि आखूड ढालीचे न उडणारे, असे दोन्ही प्रकार सापडतात. जुन्या लेखकांनी अशांना वेगवेगळी नावं दिली, ती नंतर एकेक करून मोडावी लागली. रंगाचं तर विचारूच नका. अमेरिकेत कॅन्ससमध्ये नेबोर्स या संशोधकाने १९१४ पासून पैदाशीचे निष्कर्ष छापले. एकाच प्रजातीत पट्टे, ठिपके, पांढरी पाठ हे सगळं मेंडेलच्या नियमांनी पिढीत उतरतं, हे त्यांनी दाखवलं. तरी आपल्याकडे 'पांढऱ्या पट्ट्याची प्रजाती' चालूच.

ओलदगड:
रंग बाद, मान्य. ढालीची लांबीही बाद. पण म्हणून फोटोच बाद? फोटो फसतो तो बहुतेक वेळा कोनामुळे. सगळे जण वरून एकच काढतात, आणि खरी लक्षणं असतात समोर नि बाजूला.

चार कोन द्या. एक, अगदी वरून: दोन डोळ्यांमधला माथा एका डोळ्यापेक्षा रुंद की अरुंद, ते इथेच मोजता येतं. दोन, समोरून: मिशांच्या खाचा डोळ्यांच्या खालच्या कडेच्या वर आहेत, रेषेत की खाली. तीन, काटकोनात बाजूने: ढालीवरची मधली धार सरळ, नागमोडी की कमानदार, आणि बाजूच्या पाळीचा मागचा कोपरा छाटलेला की काटेरी. चार, मधली मांडी आणि मागचं पाऊल जवळून.

आता एर्गाटेटिक्स डॉर्सिफर ही प्रजात घ्या. वर आलेले डोळे, नागमोडी धार, मांड्यांच्या कडेला केसांची झालर. हे तिन्ही एकत्र दिसत असताना 'कुळावर थांबा' म्हणणं म्हणजे माहिती हातची घालवणं.

तिसरीकात:
दोघांनीही एक गोष्ट सोडली. निम्म्या फोटोंत पिल्लंच असतात! त्यांच्या ढालीची धार उंच असते, म्हणून ती भलत्याच जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात) ढकलली जातात. ओळखायचं सोपं आहे: ढालीच्या बाजूच्या पाळीची मागची कड बघा. प्रौढात तिथे दोन खाचा असतात, वरची खाच खवल्याएवढ्या पुढच्या पंखासाठी. पिल्लात ही वरची खाच नसते, एकच दिसते. एकच असेल तर प्रजातीचं नाव लिहू नका, विषय संपला. ओलदगडांच्या यादीत हा पाचवा मुद्दा घाला. खरं तर पहिला.

कातळकोरा:
@तिसरीकात, हे शंभर टक्के. @ओलदगड, तुमचे कोन बरोबर आहेत, पण ते वापरून तुम्ही जाणार कुठे? ओळख पटवायच्या ज्या किल्ल्या (लक्षणांचे तक्ते) वापरायच्या त्या बोलिव्हार (१८८७) आणि हॅनकॉक (१९०७) यांच्या जुन्या वर्गीकरणाच्या चौकटीवर उभ्या आहेत. पाळीला काटा दिसला की स्केलिमेनिनी उपकुळ, ढाल पानासारखी नि पंख नाहीत की क्लॅडोनोटिनी, अशी खणाखणांची मांडणी. पंख जाणं आणि ढाल फुगणं वेगवेगळ्या वंशरेषांत स्वतंत्रपणे झालंय. मादागास्कर, न्यू गिनी आणि कॅरिबियन बेटांवरचे क्लॅडोनोटिनी एकाच घरचे असतील असं आता फारसं कुणी म्हणत नाही. युक्रिओटेटिक्स या जीनसला काटा आहे म्हणून तो स्केलिमेना या जीनसच्या शेजारी बसला होता. अलीकडच्या मांडणीत तो थोराडोंटिनी या वेगळ्या गटात जातो. स्केलिमेना पोहतो, मागची नडगी आणि पावलाचा पहिला सांधा वल्ह्यासारखा पसरट. नुसत्या काट्यावरून हे कळणार कसं?

ओलदगड:
उपकुळं कोसळली म्हणून जीनस कोसळत नाहीत. मी फोटोवरून उपकुळ लावतच नाही, थेट जीनस बघतो. उपकुळांत बॅट्राकायडिनी तेवढी पक्की: मिशांचे सांधे २० च्या आसपास, इतरांत बरेच कमी, आणि जनुकीय झाडातही ती बाकी सगळ्यांपासून आधी फुटते. जगात सुमारे २,००० प्रजाती असलेल्या कुळात नोंदी नुसत्या 'टेट्रिजिडी' म्हणून पडून राहिल्या तर त्या पुन्हा उघडून बघणार कोण?

सीओवन:
एवढा वाद कशाला? पाय तोडा, ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाका, बारकोड करा, म्हणजे सीओवन या जनुकाचा क्रम वाचून घ्या. डीएनएचा ६५८ अक्षरांचा तुकडा सांगेल काय ते.

तिसरीकात:
नाही सांगणार. युरोपातल्या टेट्रिक्स बायपंक्टाटा आणि टेट्रिक्स क्राउसी या प्रजाती मागच्या पंखाच्या लांबीवरून वेगळे करतात, पण बारकोडमध्ये ते वेगळे पडत नाहीत. मग बारकोड चुकला की ती प्रजातच एक? उलट बाजूही आहे: नाकतोड्यांत या जनुकाच्या मेलेल्या प्रती केंद्रकात शिरलेल्या असतात. चाचणीत खऱ्या जनुकाऐवजी त्याच वाचल्या गेल्या की प्रजाती फुकटच्या जास्त दिसतात. क्रमात मध्येच थांबा-संकेत किंवा अक्षरं गळालेली आहेत का, हे न बघता निकाल घेऊ नका. आणि जनुकपेढीतल्या (क्रमांच्या सार्वजनिक साठ्यातल्या) क्रमांवर चुकीची नावं चिकटलेली आहेत.  तुमचा तुकडा जुळणार तो चुकीच्या नावाशी.

पाय घ्यायचाच तर एकच मधला घ्या, मागचा ओळखीला लागतो. तोही तोच किडा नीट टोचून जपणार असाल तरच. टाचणी मधल्या धारेच्या उजवीकडून, नाहीतर मुख्य लक्षणच फुटतं. अगदी लहान असेल तर कार्डाच्या टोकावर चिकटवा. अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते, हे आधी.

कातळकोरा:
तडजोड: चारही कोन आणि प्रौढाच्या दोन्ही खाचा दिसत असतील तर जीनस. प्रजात फक्त तेव्हा, जेव्हा कुठलं लक्षण बघितलं ते टिप्पणीत लिहिलंय. नुसतं 'सहमत' मोजायचं नाही.

ओलदगड:
जीनसपर्यंत चालेल. पण डॉर्सिफर मी प्रजातीपर्यंतच लावणार, लक्षणं लिहून. खोडायचं तर तुम्हीही लक्षण लिहूनच खोडा.