गिटारच्या पिकअपसाठी वाइंडिंग (तार गुंडाळण्याचे) यंत्र विकत घ्यावे की घरी बनवावे?

प्रश्न: नमस्कार. मी नागपूरला राहतो. इलेक्ट्रिक गिटारसाठी स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलच्या पद्धतीचा सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांची कंपने टिपणारी चुंबकांभोवतीची एक कॉइल, घरी गुंडाळायचा आहे. त्यासाठी 42 गेजच्या, म्हणजे सुमारे 0.063 मिमी जाडीच्या तारेचे साधारण 8000 वेढे लागतात. पंखे रिवाइंड करणारे कारागीर वापरतात ते हाताने फिरवायचे यंत्र चालेल का?

उत्तर: चालेल, पण एक हात यंत्राची मूठ फिरवण्यात अडकतो. त्यापेक्षा शिलाई मशीनची मोटर पेडलसह घ्यावी, म्हणजे दोन्ही हात तारेसाठी मोकळे राहतात आणि वेग पायाने हळूहळू वाढवता येतो. वेढे मोजण्यासाठी चाकावर लहान चुंबक, शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच) आणि त्याला जोडलेला डिजिटल काउंटर पुरेसा आहे.

उत्तर: यंत्रापेक्षा ताण महत्त्वाचा आहे. तार नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या कापडाच्या) दोन तुकड्यांमधून बोटांच्या हलक्या दाबाने सोडावी. फार ओढल्यास ती ताणून बारीक होते किंवा तुटते, आणि सैल राहिल्यास गिटारचा आवाज मोठा केल्यावर पिकअप शिट्टी मारतो. उन्हाळ्यात कूलर बंद ठेवूनच बसावे, कारण त्याच्या झोतानेही ही तार थरथरते.

उत्तर: एक भर घालतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो; म्हणून 20 अंशांना 6 किलोओहम भरणारी कॉइल आपल्याकडे मे महिन्यात 6.5 दाखवू शकते. तेवढ्यावरून वेढे कमी करू नयेत.