मदत हवी आहे: कोकणातील परसात पाकोळ्यांसाठी लाकडी पेटी कशी बांधावी?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावच्या घराचे छप्पर या उन्हाळ्यात नव्याने घालायचे आहे. सध्या कौले आणि रीपांमधल्या फटींत लहान वटवाघळांची, म्हणजे आमच्याकडच्या पाकोळ्यांची, मोठी वस्ती आहे. नव्या छपरात कौलांखाली पत्रा येणार असल्याने त्यांना शिरायला जागा उरणार नाही. घरातील बहुतेकांचे मत त्यांना धूर करून घालवावे असे आहे. मला मात्र त्यांची सोय परसात लाकडी पेट्या बांधून करावीशी वाटते आणि त्यासाठी अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

माझ्या आग्रहाचे कारण घरामागची भातखाचरे आहेत. पडवीच्या भिंतीलगत पडलेली पाकोळीची लेंडी काडीने दाबली की तिचा लगेच भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे कण दिसतात. उंदराची लेंडी अशी फुटत नाही. खोडकिड्याचे पतंग रात्रीच उडतात, आणि त्यांच्या अळीने खोड पोखरले की लोंब्या पांढऱ्या पडून हाती पळिंज, म्हणजे दाणा न भरलेले पोकळ भात, येते. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाजवळील भातशेतीत अशा पेट्या लावल्यावर लहान वटवाघळे त्यांत वस्तीला आली आणि तिथल्या पट्टेरी खोडकिड्याचा उपद्रव घटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. थायलंडमध्येही वटवाघळे भातावरील तुडतुडे खातात आणि त्यामुळे वर्षाला सुमारे २,९०० टन भाताचे नुकसान टळते, असा अंदाज २०१४ मध्ये मांडला गेला. आपल्याकडचे किडे आणि वटवाघळांच्या जाती वेगळ्या असल्या, तरी ही उदाहरणे मला दुर्लक्ष करण्याजोगी वाटत नाहीत.

घरच्यांची रोगाची धास्ती निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले होते आणि त्यांत निपाह या माणसालाही होऊ शकणाऱ्या जीवघेण्या विषाणूच्या खुणा आढळल्या होत्या. पण म्हणूनच ही वस्ती माणसांच्या डोक्यावरून हलवून विहीर, अंगण आणि गोठा यांपासून दूर, परसाच्या टोकाला नेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. हुसकावलेल्या पाकोळ्या शेजारच्या छपरात शिरल्या, तर त्यातून कुणाचेच भले होणार नाही.

पेटीची सर्वसाधारण रचना मला ठाऊक आहे: उभ्या फळ्यांमध्ये पाऊण ते एक इंच फट, पकड मिळावी म्हणून आतून आडव्या खाचा, तळ उघडा, उतरण्यासाठी खाली वाढवलेली फळी, आणि जमिनीपासून १२ ते १५ फूट उंची. अडचण अशी की हे आराखडे बहुतांशी थंड प्रदेशांतले आहेत. त्यांत पेटीवर दिवसाचे सहा-सात तास ऊन पडावे असे सांगितलेले असते. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत तसे केले तर आतली पिल्ले उष्णतेने मरतील अशी मला भीती वाटते. मग पेटीचे तोंड पूर्वेला ठेवून दुपारी सावली मिळेल अशी जागा निवडावी का? आषाढ-श्रावणातील तिरप्या पावसात टिकेल असे लाकूड कोणते, सागवान की आणखी काही? प्लायवूड फुगते, आणि वाळवीसाठी लावायच्या औषधांचा वास व विष दोन्ही पाकोळ्यांना बाधेल, म्हणून ते दोन्ही मी टाळतो आहे. पेटी नारळाच्या झाडाला बांधण्यापेक्षा वेगळ्या खांबावर लावली तर साप आणि मांजरे यांपासून बचाव अधिक होईल का?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे. पाकोळ्यांना एका वेळी एखाद-दोनच पिल्ले होतात, आणि न उडणारी पिल्ले आत असताना कौले उतरवली तर ती सगळी मरतील. बाहेर पडता येईल पण परत शिरता येणार नाही अशी जाळी फटींवर सोडतात, हे वाचले आहे. कोकणात कौलांखालची पिल्ले साधारण कोणत्या महिन्यांत उडू लागतात, आणि पेट्या त्याआधी किती काळ टांगून ठेवाव्यात, हे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे. सुतार होळीनंतर कामाला येणार आहे, त्यामुळे पेट्यांची मापे त्याआधी ठरवायची आहेत.