मदत हवी आहे: झाडीपट्टी नाटकांच्या वह्या ग्रीनस्टोनमध्ये कशा लावायच्या?

नमस्कार मंडळी,

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडशाजवळच्या आमच्या गावात छोटं सार्वजनिक वाचनालय आहे. जुन्या नाट्यमंडळांच्या हस्तलिखित संहिता, दंडारीच्या (इथल्या लोकनाट्याच्या) गाण्यांच्या वह्या, मंडईतल्या (दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या) नाटकांची हँडबिलं आम्ही घरोघरून मागून आणली. काही वह्यांना वाळवी लागलेली, म्हणून पोरांनी आधी पानापानाचे फोटो काढून घेतले. आता फोटोंचे ढीगभर फोल्डर आहेत, पण हवी ती वही सापडत नाही.

वाचनालयात एकच जुना विंडोज संगणक आहे आणि नेटचा भरवसा नाही. तरी नाटक, लेखक, मंडळ, गाव, साल यांवरून मराठीत शोधता आलं पाहिजे. डिजिटल संग्रह ठेवायचं डीस्पेस हे सॉफ्टवेअर पाहिलं. सातव्या आवृत्तीपासून त्याला पोस्टग्रेस, सोलर, नोड अशी बरीच इतर सॉफ्टवेअर लागतात. ते विद्यापीठांना परवडेल. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाचं ग्रीनस्टोन हे डिजिटल ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मात्र नेटशिवाय चाललं.

अडचण अशी, की एका वहीचं प्रत्येक पान वेगळा दस्तऐवज म्हणून दिसतं. शिवाय गाव एकच, पण कोणी 'वडसा' शोधतो, कोणी 'देसाईगंज'. फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट सॉफ्टवेअरला हे हस्ताक्षर वाचता येत नाही. आणि लेखकांच्या हक्कांचं काय करायचं? ही माणसं आमच्या गावचीच, त्यांना न विचारता काही करायचं नाही.

प्रतिसाद १:
भाऊ, ग्रीनस्टोनच ठेवा. त्यातलं पेज्ड इमेज प्लगइन (पानांचे फोटो एकत्र जोडणारा भाग) वापरा. प्रत्येक वहीसाठी एक आयटम फाइल (साधी मजकुराची यादी) करायची आणि तिच्यात पानांची नावं क्रमाने लिहायची, की अख्खी वही एकच दस्तऐवज होते. गावाच्या रकान्यात दोन्ही नावं भरा, एका रकान्याला अनेक मूल्यं चालतात. हस्ताक्षराच्या मागे लागू नका. पात्रांची नावं आणि गाण्यांच्या पहिल्या ओळी हातानेच टाइप करा. लोक त्याच शोधतात.

हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. १९६८ साली गेलेल्या तुकडोजी महाराजांचं लेखनसुद्धा २०२८ अखेरपर्यंत संरक्षित आहे. तेव्हा घरच्यांची लेखी परवानगी घ्या. ती मिळेपर्यंत फक्त नोंद दाखवा, पानं नको. मूळ फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.

धागाकर्ता:
वही एकत्र आली! खूप आभार. पण आयटम फाइलमधल्या मराठी शीर्षकाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. नोटपॅडमध्ये केली होती.

प्रतिसाद १:
'सेव्ह ॲज'मध्ये एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा आणि ग्रीनस्टोनमध्ये संग्रह पुन्हा बिल्ड करा, म्हणजे नव्याने तयार करा.