पीटीए विद्यार्थिनीने रुग्णाजवळ स्वतः काय ठरवावे?

प्रश्न (न्यू जर्सी)
नमस्कार. मी येथील कम्युनिटी कॉलेजात फिजिकल थेरपिस्ट असिस्टंटचा (फिजिओथेरपिस्टच्या साहाय्यकाचा), म्हणजे पीटीएचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम करीत असून पुढील महिन्यात माझे पहिले पूर्णवेळ क्लिनिकल पोस्टिंग सुरू होईल. गोनिओमीटर या कोनमापकाने सांधा किती वाकतो ते मोजणे, रुग्णाला पलंगावरून खुर्चीत बसवणे, हे वर्गमैत्रिणींवर पुष्कळ करून झाले आहे. रुग्णाचे मूल्यमापन करून उपचारांचा आराखडा ठरवणे हे थेरपिस्टचे काम, आमचे नव्हे, हेही ठाऊक आहे. पुण्यात फिजिओथेरपिस्ट असलेली माझी बहीण फोनवर शिकवते, पण ती सवयीने आराखड्यापर्यंत पोहोचते आणि माझा गोंधळ वाढतो. प्रत्यक्ष रुग्णाजवळ मग माझ्या निर्णयाला जागा किती?

उत्तर १ (क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, ओहायो)
जागा बरीच आहे, आणि तिची तयारी वर्गात सर्वांत कमी होते, असे माझे मत आहे. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने गुडघा बदललेल्या आजींना गेट बेल्ट (चालवताना रुग्णाला धरण्यासाठी कमरेला बांधायचा पट्टा) नीट बांधला, वॉकरची उंची तपासली आणि आराखड्यात लिहिल्याप्रमाणे त्यांना उभे केले. पण सकाळपासून एकच पोटरी सुजून गरम झाल्याचे आजी सांगत होत्या, त्याकडे तिचे लक्ष गेले नाही. शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते. निदान करणे पीटीएचे काम नाही, परंतु रुग्णाला बसवणे, पोटरी न चोळणे, उपचार थांबवणे आणि थेरपिस्टला त्याच क्षणी कळवणे हे तिचेच काम आहे. तसेच झोपलेला रुग्ण उभा राहिल्यावर वरचा रक्तदाब २० अंकांनी उतरला, तर चालण्याचा सराव पुढे रेटू नये. उलट, सरळ पाय उचलण्याचा व्यायाम सहज जमू लागला असेल, तर आराखड्यातील उद्दिष्टांच्या चौकटीत तो थोडा कठीण करण्यासाठी दर वेळी विचारायला धावण्याची गरज नाही.

उत्तर २ (पीटीए, नर्सिंग होम)
नोंदीही आतापासून सुधारा. ‘रुग्ण छान चालला’ या वाक्यावरून थेरपिस्टला आराखडा बदलता येत नाही. वॉकर घेऊन किती फूट, कितीदा थांबून, वळताना किती आधार देऊन, हे लिहावे लागते. शिवाय २०२२ पासून मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) पार्ट बी या भागात पीटीएने दिलेल्या उपचारांना ठरलेल्या दराच्या ८५ टक्केच रक्कम मिळते, त्यामुळे कोणी किती मिनिटे उपचार दिले याची नोंद काटेकोर हवी.

उत्तर ३ (पीटीए अभ्यासक्रमातील शिक्षिका)
परवान्याच्या परीक्षेत पर्याय समोर दिलेले असतात. रुग्णाजवळ ते आपल्यालाच सुचावे लागतात. म्हणून मी विद्यार्थ्यांकडून थेरपिस्टला करायचा फोन मोठ्याने म्हणवून घेते: काय दिसले, काय मोजले, मी काय थांबवले, आता तुमची सूचना काय. सुरुवातीला बहुतेक जण यात अंदाज मिसळतात.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. बहिणीशी आत्ताच बोलले. रविवारपासून ती थेरपिस्ट होऊन फोन उचलणार आहे, आणि मी ‘गुठळी झाली आहे’ असे म्हटले की मला तिथेच अडवणार आहे.